पैसा, पक्ष आणि मतपेटी : हिशेब वेळेवर लागायला हवा



१५ फेब्रुवारी २०२४ या एकाच दिवशी दोन मोठे निर्णय आले. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली. मुंबईत विधानसभेचे अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी अजित पवार यांचा गट हाच खरा राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष असल्याचे सांगितले आणि आमदार अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. पहिला निर्णय पक्षांकडे पैसा कुठून येतो याविषयी होता, दुसरा पक्ष नेमका कोणाचा याविषयी. वृत्तपत्रांनी दोन्ही बातम्या वेगवेगळ्या छापल्या. आम्हाला मात्र त्या दोन्हींत एक गोष्ट सारखी दिसली. ज्या व्यवहाराबद्दल निर्णय दिला जात होता, तो व्यवहार केव्हाच पूर्ण झालेला होता. पैसे खर्च झाले होते आणि सरकारे बनली होती.

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच खटकते. संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही, हा शाखेचा पहिला नियम. फरक दहा रुपयांचा असो की दहा हजारांचा, तो त्याच दिवशी शोधायचा. कारण व्हाउचर समोर असते, काउंटरवर कोण आले होते ते आठवत असते, आणि फरक दहा मिनिटांत सुटतो. तोच फरक सहा महिन्यांनी सापडला तर नोंद सस्पेन्स खात्यात जाऊन बसते आणि माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

आमच्या मते आज आपल्या निवडणुकांचे दुखणे हेच आहे. चुका सापडत नाहीत असे नाही. न्यायालये, आयोग, पत्रकार, अभ्यासक आपापले काम करतात आणि चुका सापडतातही. पण सापडेपर्यंत एवढा वेळ जातो की दुरुस्तीला अर्थ उरत नाही. जिथे दुरुस्ती वेळेत आणि सगळ्यांच्या देखत होते, तिथे हरणाराही निकाल मान्य करतो. मंडळात सगळ्या पक्षांना मानणारी मंडळी आहेत, त्यामुळे हा लेख कोणाच्या बाजूचा किंवा विरोधातला नाही. आम्ही फक्त हिशेब तपासायला बसलो आहोत.

पैशाची वही

निवडणूक रोख्यांची घोषणा २०१७च्या अर्थसंकल्पात झाली आणि जानेवारी २०१८मध्ये योजना लागू झाली. एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी रुपये अशा किमतींचे रोखे फक्त स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत मिळत. घेणाऱ्याचे केवायसी होत असे, पण रोख्यावर त्याचे नाव नसे. पंधरा दिवसांत पक्षाने तो आपल्या खात्यात वटवायचा. त्याच वेळी कंपन्यांच्या देणगीवरची जुनी मर्यादाही काढली गेली. आधी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत होती. मर्यादा गेल्यावर तोट्यातल्या कंपनीलाही कोट्यवधी देण्याची मोकळीक झाली.

इथे एक योगायोग सांगावासा वाटतो. त्याच वर्षी, १५ सप्टेंबर २०१८पासून, रिझर्व्ह बँकेने डिमांड ड्राफ्टच्या दर्शनी भागावर खरेदीदाराचे नाव छापणे बंधनकारक केले. ड्राफ्टचा वापर काळा पैसा फिरवायला होऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच होता. म्हणजे मुलीच्या परीक्षा शुल्कासाठी वडिलांनी पाचशे रुपयांचा ड्राफ्ट काढला तर त्यावर त्यांचे नाव छापले जाणार, आणि कोणी पक्षाला देण्यासाठी एक कोटीचा रोखा घेतला तर तो कोरा राहणार. एकाच देशात, एकाच वर्षी, दोन्ही नियम लागू झाले. बँकिंगचा कोणताही नियम या दोन्हींना एकत्र बसवू शकत नाही.

योजनेच्या बाजूनेही एक मुद्दा होता, तो सांगायला हवा. पूर्वी देणगी पोत्यांतून रोखीने जात असे, निदान आता ती बँकेतून जाते. आणि देणाऱ्याचे नाव उघड झाले तर दुसरा पक्ष सत्तेत येऊन त्याला त्रास देईल. हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण सरकारी बँकेत खरेदीदाराची नोंद असताना ते नाव फक्त मतदारापासून लपलेले राहते, हे न्यायालयाला पटले नाही. आपण ज्याला मत देतो त्याला पैसा कोण देतो हे कळणे मतदाराचा हक्क आहे, असे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने एकमताने सांगितले.

आता वेळेचा हिशेब पाहू. निवडणूक आयोगाने २०१७मध्येच या बदलांना लेखी आक्षेप घेतला होता. रिझर्व्ह बँकेनेही शंका नोंदवल्या होत्या. याचिका दाखल झाल्या त्याही २०१७ आणि २०१८मध्ये. अंतिम निकाल आला २०२४मध्ये. मधल्या काळात लोकसभेची २०१९ची निवडणूक झाली आणि आपल्या मध्य प्रदेशातल्या दोन विधानसभा निवडणुका झाल्या. २०२३ला आपण १७ नोव्हेंबरला मतदान केले, आणि रोखेविक्रीचा एक टप्पा ६ ते २० नोव्हेंबर असा चालू होता.

निकालानंतर बँकेने माहिती देण्यासाठी ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक पार पडल्यावर. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली आणि दुसऱ्या दिवशीच माहिती द्यायला लावली. त्यातून कळले की १ एप्रिल २०१९पासून २२,२१७ रोखे विकले गेले होते. भारतीय जनता पक्षाला सहा हजार कोटींहून अधिक, तृणमूल काँग्रेसला सोळाशे कोटींच्या आसपास, काँग्रेसला चौदाशे कोटींच्या वर रक्कम मिळाली होती. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली एक कंपनी निघाली, तिची रक्कम तेराशे कोटींहून अधिक होती. नावे उघड झाली हे मोठेच काम झाले. पण पैसा परत आला नाही, आणि विशेष तपास पथकाची मागणीही न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ला नाकारली. नोंद सापडली, पण खाते तोपर्यंत रिकामे झाले होते.

याच्या शेजारी आपल्या उमेदवारांची वही ठेवून पाहावी. मध्य प्रदेशासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. मांडवाच्या खुर्च्या, चहा, जीपचे डिझेल यांची नोंद निरीक्षकांच्या रजिस्टरमध्ये होते आणि उमेदवाराच्या हिशेबाशी ताडली जाते. पण पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही. लहान वहीवर दोन तपासनीस आणि मोठ्या वहीवर एकही नाही, अशी ही रचना आहे.

पक्ष कोणाचा?

पक्ष फुटणे आपल्या प्रदेशाला नवे नाही. जुलै १९६७मध्ये द्वारकाप्रसाद मिश्र यांचे काँग्रेस सरकार पडले, कारण गोविंद नारायण सिंह ३६ आमदारांसह बाहेर पडले. त्यामागे ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांचे बळ होते. मार्च २०२०मध्ये त्यांचेच नातू ज्योतिरादित्य शिंदे यांच्याबरोबर काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले. २० मार्चला कमलनाथांनी राजीनामा दिला आणि २३ मार्चला शिवराजसिंह चौहान पुन्हा मुख्यमंत्री झाले. दोन्ही घटनांमध्ये ५३ वर्षांचे अंतर आहे, आणि मध्ये पक्षांतरबंदीचा कायदाही आला.

तो कायदा १९८५चा. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर चालत असे. २००३च्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढली, आता दोन तृतीयांश सदस्यांसह दुसऱ्या पक्षात विलीन झाले तरच सदस्यत्व वाचते. किरकोळ विक्री बंद आणि घाऊक चालू, अशी टीका या कायद्यावर पहिल्यापासून होत आली आहे. २०२०मध्ये त्याचीही गरज पडली नाही. आमदारांनी राजीनामेच दिले. राजीनाम्याला कायदा लागत नाही. जुलैमध्ये मंत्रिमंडळ वाढले तेव्हा त्यात १४ मंत्री असे होते जे त्या वेळी आमदारच नव्हते. पुढे २८ जागांची पोटनिवडणूक ३ नोव्हेंबर २०२०ला झाली, भाजपने १९ आणि काँग्रेसने ९ जिंकल्या. पण सरकार आधी बदलले आणि मतदाराला नंतर विचारले, हा क्रम उलटा होता.

आपल्या जिल्ह्यातले वारासिवनीचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. प्रदीप जायसवाल यांना २०१८मध्ये काँग्रेसचे तिकीट मिळाले नाही. ते अपक्ष उभे राहून जिंकले, कमलनाथ सरकारला पाठिंबा देऊन खनिज मंत्री झाले, सरकार बदलल्यावर नव्या सरकारच्या बाजूला गेले आणि राज्य खनिज महामंडळाचे अध्यक्ष झाले. भरवेलीचे मॅंगनीज आणि मलाजखंडचे तांबे ज्या जिल्ह्यात आहे, तिथे या पदांचे वजन वेगळे सांगायला नको. कायद्याच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते. अपक्ष आमदाराने निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर सदस्यत्व जाते, नुसता पाठिंबा दिला तर जात नाही. २०२३मध्ये ते भाजपच्या तिकिटावर उभे राहिले आणि मतदारांनी काँग्रेसचे विवेक पटेल यांना निवडले. म्हणजे हिशेब लागला, पण साडेतीन वर्षांनी. मधल्या काळात वारासिवनीच्या माणसाने आपले मत नेमके कोणाच्या खात्यात जमा झाले आहे हे कोणाला विचारायचे?

महाराष्ट्रात हाच प्रश्न आणखी मोठा झाला. जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेतले बहुसंख्य आमदार घेऊन वेगळे झाले. उद्धव ठाकरे यांनी २९ जूनला राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. मग ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती योग्य नव्हती, आणि अध्यक्षांनी शिंदे गटाचा प्रतोद मान्य केला तोही कायद्याला धरून नव्हता. तरीही ठाकरे सरकार परत आणता येणार नव्हते, कारण त्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला होता. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला, तो १० जानेवारी २०२४ला आला. त्याविरुद्ध पुन्हा अपील झाले, आणि अपिलाचा अंतिम निकाल लागण्याआधी विधानसभेची मुदतच संपली. नोव्हेंबर २०२४मध्ये नवी निवडणूक झाली.

कोणाची बाजू बरोबर, यावर मंडळात दोन मते असू शकतात. पण अडीच वर्षे एखाद्या खात्याचा मालक कोण हे ठरू नये आणि तोवर त्या खात्यावर व्यवहार चालू राहावेत, हे बँकेत चालले नसते. खातेदारांत वाद झाला की आधी खाते गोठवतात. राज्य गोठवता येत नाही हे खरे. म्हणून तर निर्णय लवकर हवा. अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडे असतो आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी बाजूचे असतात. त्यांच्यासाठी कायद्यात ठरावीक मुदत लिहिलेली नाही. आमच्या मते सगळ्या दोषांत हा दुरुस्त करायला सर्वांत सोपा आहे. एक वाक्य घालायचे : इतक्या महिन्यांत निकाल द्यावा.

पक्षभेदाचे एक सरळ उदाहरणही आपल्याच बालाघाटचे आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत कंकर मुंजारे बहुजन समाज पक्षाचे उमेदवार होते आणि त्यांच्या पत्नी अनुभा मुंजारे काँग्रेसच्या आमदार. मतदान होईपर्यंत एका छताखाली राहणे बरे दिसणार नाही म्हणून कंकरजी घर सोडून बाहेर राहायला गेले. देशभरच्या वाहिन्यांनी ती बातमी गमतीने दाखवली. आम्हाला मात्र तीत गंमत कमी आणि समंजसपणा जास्त वाटला. मते वेगळी होती, ती लोकांसमोर सांगितली, आणि एकाने दुसऱ्याच्या चिन्हावर हक्क सांगितला नाही. पक्षभेद असा असेल तर मतदाराची फसवणूक होत नाही.

बालाघाटचे डाक मतपत्र

आता मतपेटीकडे वळू. नोव्हेंबर २०२३च्या मतदानानंतर दहा दिवसांनी, २७ तारखेला, बालाघाट तहसील कार्यालयातला एक व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यात कर्मचारी डाक मतपत्रांचे गठ्ठे हाताळताना दिसत होते. मतगणना ३ डिसेंबरला होती. काँग्रेसने मतांशी छेडछाड झाल्याची तक्रार केली. प्रशासनाने सांगितले की मोजणी चालू नव्हती, मतपत्रे विधानसभावार वेगळी करून पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधले जात होते. निवडणूक अधिकाऱ्यांनी कार्यपद्धतीत चूक झाल्याचे मान्य केले आणि डाक मतपत्रांची जबाबदारी असलेल्या नोडल अधिकाऱ्याला निलंबित केले.

या प्रकरणात आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारखा. व्हिडिओ, तक्रार, खुलासा, निलंबन हे सगळे मोजणीच्या आधी झाले. ३ डिसेंबरला निकाल लागला. बालाघाटची जागा काँग्रेसच्या अनुभा मुंजारे यांनी भाजपचे ज्येष्ठ नेते गौरीशंकर बिसेन यांना हरवून जिंकली. जिल्ह्यातल्या सहा जागांपैकी चार काँग्रेसला आणि दोन भाजपला मिळाल्या, तर राज्यात भाजपचे मोठे बहुमत आले. दोन्ही पक्षांनी जिल्ह्याचा निकाल स्वीकारला. चूक झालीच नाही असे नाही. पण ती त्याच आठवड्यात, सर्वांच्या डोळ्यांसमोर, कोणाच्या तरी नावावर नोंदवली गेली. म्हणून ती आज संशय बनून उरलेली नाही.

असेच पुढच्या वर्षी चंडीगडलाही झाले. ३० जानेवारी २०२४ला महापौरपदाच्या निवडणुकीत निर्णय अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवल्या. कॅमेऱ्यात तो स्वतःच त्यांवर खुणा करताना दिसला. सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका आपल्यासमोर मागवून पाहिल्या आणि २० फेब्रुवारीला निकाल फिरवला. तीन आठवडे लागले आणि हरलेला उमेदवार महापौर झाला. कॅमेरा होता आणि त्याचे चित्रण मिळाले, म्हणूनच हे घडले.

आता महाराष्ट्राकडे पाहू. २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांच्या मधल्या सहा महिन्यांत तिथल्या मतदार यादीत सुमारे ४० लाख नावांची भर पडली. विरोधी पक्षांनी त्यावर प्रश्न विचारले. आयोगाचे उत्तर असे की याद्या सर्व पक्षांना दिल्या होत्या आणि त्या वेळी हरकती फारशा आल्या नाहीत. या उत्तरात तथ्य आहे. हरकतीची वेळ असते तेव्हा पक्ष सभांमध्ये गुंतलेले असतात आणि हरल्यावर यादी उघडतात. पण दुसरी बाजूही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडी गावाने आपल्या गावच्या आकड्यांवर विश्वास बसत नाही म्हणून ३ डिसेंबर २०२४ला कागदी मतपत्रिकांवर स्वतःच मतदान घ्यायचे ठरवले. अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, जमावबंदी लागली आणि बेत रद्द झाला. तिथून निवडून आलेला आमदार गावकऱ्यांच्याच पसंतीचा होता. म्हणजे जिंकूनही शंका गेली नव्हती.

त्याच महिन्यात, २० डिसेंबरला, निवडणूक नियमांत बदल झाला आणि मतदान केंद्रांवरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण सामान्य माणसाने मागून पाहण्याची वाट बंद झाली. मतदाराची गोपनीयता राहावी आणि चित्रणाचा गैरवापर होऊ नये, हे त्याचे कारण दिले गेले. पुढे मे २०२५मध्ये आयोगाने हे चित्रण ४५ दिवसच जपण्याच्या सूचना दिल्या. निकालाविरुद्ध याचिका करायची मुदतही ४५ दिवसांचीच आहे. न्यायालय ते मागवू शकते, पण न्यायालयात जाण्याआधी तक्रारदाराने पुरावा कुठून आणायचा? ग्राहक पासबुक घेऊन आला आणि आपण लेजर दाखवायला नकार दिला, तर आपली नोंद बरोबर असली तरी तो समाधानाने घरी जात नाही. बालाघाटच्या त्या व्हिडिओने प्रशासनाची अडचण झाली खरी, पण निकालाची लाजही त्यानेच राखली.

अमेरिकेत असलेल्या मुलांशी बोलताना

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. त्यांच्याशी फोनवर बोलताना तिथल्या निवडणुकांचा विषय निघतोच. तिथे पैशाला जवळजवळ सीमा नाही. २०१०च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर कंपन्या आणि संघटना उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा प्रचारखर्च करू शकतात. २०२४मध्ये इलॉन मस्क या एका माणसाने पंचवीस कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. पण हा आकडा आपल्याला ठाऊक आहे, कारण तो नोंदवावा लागतो. काही पैसा संस्थांच्या आडून नाव न सांगता येतो, तरी बराचसा नावानिशी येतो. आपल्याकडे रोख्यांच्या सहा वर्षांत एवढेही नव्हते.

तिथे देशभर निवडणूक घेणारा आपल्यासारखा एक आयोग नाही. राज्ये आणि काउंट्या आपापल्या निवडणुका घेतात. २०००मध्ये फ्लोरिडात फरक ५३७ मतांचा होता. फेरमोजणी चालू असताना सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती थांबवली, आणि त्यावरचा वाद आजही चालू आहे. उलट २०२०मध्ये जॉर्जियात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या, मग पुन्हा यंत्राने मोजल्या. फरक बारा हजारांच्या आसपासच राहिला. मोजणीवर देखरेख करणारा मुख्य अधिकारी हरलेल्या उमेदवाराच्याच पक्षाचा होता. एवढे होऊनही ६ जानेवारी २०२१ला जमाव संसदेत घुसला.

याचा अर्थ उघड मोजणीने सगळे भागते असे नाही. पक्षभेद इतका वाढला की आपल्या पक्षाने सांगितले तेवढेच खरे मानायचे, तर टॅली झालेली वहीही खोटी वाटू लागते. पण जॉर्जियाच्या मोजणीचा उपयोग झाला. प्रकरण न्यायालयांत गेले तेव्हा दाखवायला कागद होते आणि तिथे निकाल टिकला. फ्लोरिडात मोजणीच पुरी झाली नाही, म्हणून शंकेला उत्तरच उरले नाही.

आपल्या हातात काय आहे

आपण देशाचे नियम बदलू शकत नाही. पण वेळेत तपासायची जी कामे मतदाराच्या हातात आहेत, ती तरी आपण करतो का? यात पहिले काम मतदार यादीचे. नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्या राज्यात यादीचे विशेष पुनरीक्षण सुरू झाले, ज्याला सगळे एसआयआर म्हणतात. बीएलओ घरोघरी अर्ज घेऊन आले आणि २००३च्या जुन्या यादीतला संदर्भ विचारू लागले. आपल्या समाजासाठी हा प्रश्न साधा नाही. १९५६पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती, आणि राज्य बदलले तरी रोटी-बेटीचे व्यवहार गोंदिया, भंडारा, नागपूरशीच राहिले. घरातल्या सुनेचे नाव त्या वर्षी इथल्या यादीत कसे असेल? तिच्या आई-वडिलांची नोंद महाराष्ट्राच्या यादीत शोधावी लागते, आणि तिथे आडनाव, वय किंवा नावाचे लेखन थोडे जरी वेगळे निघाले तरी धावपळ होते. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या. इथे सुनांची नावे गळाली तर यादीचा अर्धा भाग गळाला असे समजावे. प्रत्येक घराने अंतिम यादीत आपली नावे पाहावीत. नाव नसेल तर लगेच फॉर्म ६ भरावा, निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये.

उलट बाजूही तपासावी. नोकरीसाठी पुण्या-नागपूरला स्थायिक झालेल्या मुलांची नावे दोन्हीकडे असतील तर एकीकडचे कमी करून घ्यावे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने चालत नाही. दुसऱ्यांच्या यादीतली दुबार नावे दाखवायची आणि आपल्या घरातली ठेवायची, हे बरे नव्हे.

दुसरे काम मतदान केंद्रावरचे. मतदान संपल्यावर किती मते पडली याचा फॉर्म १७-सी केंद्राध्यक्ष प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला देतात. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भक्कम पावती आहे. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा तिच्याशी जुळवता येतो. पण पुष्कळ केंद्रांवर प्रतिनिधी संध्याकाळपर्यंत थांबतच नाहीत. मंडळातल्या ज्या तरुणांना पक्षात रस आहे त्यांनी, पक्ष कोणताही असो, हे काम जरूर करावे. सभेतल्या घोषणेपेक्षा त्या एका कागदाचे मोल जास्त आहे.

आणि ज्यांना हे सगळे कंटाळवाणे वाटते, त्यांनी बैहर, लांजी आणि परसवाड्याची आठवण ठेवावी. २०२३लाही तिथे नक्षली धोक्यामुळे मतदान दुपारी तीनलाच संपवावे लागले. त्याच भागात डिसेंबर १९९९मध्ये राज्याचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी त्यांच्या गावी हत्या केली. पुढे त्यांची मुलगी हिना कावरे लांजीतून निवडून आली आणि विधानसभेची उपाध्यक्ष झाली. तिथल्या मतदाराने एवढे सोसून टाकलेले मत कोणत्या खात्यात गेले, हे त्याला त्याच वेळी कळायला हवे. सहा वर्षांनी नव्हे.